विसूनानांचे पंचनामे

विसूनाना शिरस्तेदार इंग्रजी कविता वाचत नसत, तिचा पंचनामा करत.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. लाल खारव्यात बांधलेली त्यांची जाडजूड वही मी स्वतः पाहिली आहे आणि तिच्यातल्या काही पानांवर माझी सहीसुद्धा आहे. एका कवितेचं एक प्रकरण. प्रत्येक प्रकरणाला नंबर, जागा, वेळ, हजर असलेली माणसं आणि शेवटी निकाल: शाबीत, नाशाबीत किंवा तहकूब. नमुन्यादाखल प्रकरण नंबर नऊ देतो.

‘आम्ही खाली सही करणार पंच लिहून ठेवितो ऐसाजे, कवी म्हणतो की धुक्यातून चालताना झाडे त्याच्याशी बोलली. सबब आम्ही मुंज तलावाच्या पाळीवर धुक्यात अर्धा तास उभे राहिलो. झाडे बोलली नाहीत. मात्र चिंचेवरून पाणी टपकत होते व तो आवाज कोणी आपल्याला हाक मारावी तसा होता. पैकी एका पंचाने दोनदा “ओ” दिली. शाबीत.’

ओ देणारे पंच खुद्द नाना. दुसरा पंच तलावावर धुणं घेऊन आलेला धोबी. त्याचा अंगठा पानावर आहे आणि शेजारी नानांनी लिहिलं आहे, ‘कविता समजली नाही, पण आवाज समजला असे म्हणतो.’

दोन पंचांवाचून नाना निकाल देत नसत. ते म्हणत, “एकट्यानं पाहिलं तो भास. दोघांनी पाहिलं की दस्तऐवज.” त्यांची दुसरी दोन वाक्यं आमच्या धार गावातल्या पोरासोरांनाही पाठ होती. एक, “ऐकीव पुरावा चालत नाही.” आणि दुसरं, भुवया वर चढवून, “स्वतः पाहिलंस?” बाजारात कोणी म्हणालं की औंदा गहू चांगला आहे, तर नाना विचारत, “स्वतः पाहिलंस?” कोणी म्हणालं की अमक्याची सासू फार वाईट, तर नाना तिथेच थांबून, “स्वतः पाहिलंस?” त्यामुळे बायका त्यांना पाहून रस्ता बदलत. सासवा मात्र बदलत नसत.

दरबारच्या कचेरीत तीस वर्षं जबाब लिहून त्यांना पेन्शन मिळाली होती. तलावाजवळ लहानसं घर, घरात एकटेच. बायको वारून आठ वर्षं झाली होती. तिचा विषय निघालाच तर “आमच्या घरात होतं तेव्हा” इतकंच म्हणत. आमच्याकडे जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, त्यामुळे त्यात कोणाला काही वाटत नसे. तिचं नाव काय होतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

कवितांचं पुस्तक त्यांच्याकडे आलं तेही एका अपघाताने. सरदारपूरच्या छावणीतल्या कोणा साहेबाची बदली झाली आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. नानांनी त्यात एक मेज घेतलं. मेजाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याच्याखाली साहेबाने एक जाड पुस्तक सरकवलं होतं, तेही मेजाबरोबर आलं. नानांनी ते उघडून पाहिलं, तर कविता. कचेरीपुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांनी वाचायला घेतलं ते कायमचंच. मेज तेव्हापासून डुगडुगत राहिलं. “नाना, दुसरं काहीतरी सारा की खाली,” असं कोणी म्हटलं तर ते म्हणत, “ज्या जागेवरून वस्तू उचलली ती जागा तशीच ठेवावी. तपासाचा नियम आहे.” या नियमामुळे वहीच्या बहुतेक पानांवर शाईचा डाग आहे. लिहिता लिहिता मेज कलायचं आणि टाकाची शाई फुटायची.

आता मी त्यांच्याकडे कसा गेलो ते सांगतो.

माझे वडील सरकारी पागेत मोतद्दार. घोड्यांना चारणं, खरारा करणं, फिरवून आणणं हे आमच्या घरचं काम. आजोबाही तेच करत. आमच्या घरात अक्षर शिकलेला मी पहिला, आणि इंदूरला कॉलेजात गेलेला तर सगळ्या पागेत पहिला. मी निघालो त्या दिवशी वडिलांनी एका घोडीच्या कपाळालाही कुंकू लावलं होतं.

पण कॉलेजात कवितेशी माझं जमेना. गणित पाठ करता येतं, इतिहास पाठ करता येतो. कविता पाठ केली तरी ती माझ्याशी अनोळखी माणसासारखीच वागे. सहामाही परीक्षेत प्रश्न आला की काव्यातली कल्पना म्हणजे काय. मी खूप विचार करून लिहिलं, ‘न घडलेली गोष्ट चांगल्या भाषेत सांगणे म्हणजे कल्पना.’ आमच्या प्रोफेसरांनी त्याखाली तांबड्या शाईने लिहिलं, ‘मग कवितेत आणि खोट्या साक्षीत फरक काय?’ आणि शून्य दिलं. वार्षिक परीक्षेत हाच विषय पुन्हा येणार हे त्यांनी वर्गात सांगितलं होतं. नापास झालो असतो तर कॉलेज सुटलं असतं आणि मी पागेत परत आलो असतो. पागेत येण्यात कमीपणा नाही, पण ती घोडीच्या कपाळावरची कुंकवाची रेघ मला आठवत राहिली.

सुटीत घरी आल्यावर ही गोष्ट मी भीत भीत वडिलांना सांगितली. ते हसलेच.

“खोटी साक्ष? अरे भिया, मग इथं तिथं काय भटकतोस? शिरस्तेदारसाहेबांना जाऊन विचार. तीस वर्षं त्यांनी दुसरं पाहिलंय काय!”

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

“कोण?”

“मी... पागेतल्या गणपत मोतद्दाराचा मुलगा.”

“बापाची ओळख विचारली नाही. तू कोण?”

“मी कॉलेजात आहे.”

“बरं. कॉलेज, बस.”

तेव्हापासून त्यांनी मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. मी प्रोफेसरांचा शेरा दाखवला. तो त्यांनी तीनदा वाचला. मग समोर बोट दाखवून म्हणाले, “काय दिसतंय?”

“तलाव.”

“तलावात?”

“पाणी.”

“पाण्यात?”

“आभाळ.”

“आभाळ पाण्यात आहे?”

“नाही.”

“मग दिसतंय ते काय?”

“आभाळच. म्हणजे, आहे वर, पण... दिसतंय खाली. तिथं नाहीये, नाना, पण खोटंही नाहीये.”

नानांनी वही ओढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं. लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणायची त्यांना कचेरीतली सवय होती. “साक्षीदार... गोंधळला. सबब... प्रामाणिक... दिसतो.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “खोटा साक्षीदार कधी गोंधळत नाही, कॉलेज. तो घरून पाठ करून येतो. तुझं उत्तर पाठ केलेलं होतं, म्हणून शून्य मिळालं. उद्यापासून सकाळी येत जा. पुस्तक माझ्याकडे आहे. पण आधीच सांगतो, जे स्वतः पाहणार नाहीस ते शिकवणार नाही.”

आमचं पहिलं प्रकरण निघालं ते थ्रश या शब्दाचं. कवितेत कवी सकाळी खिडकी उघडतो, थ्रशचं ऐकतो आणि त्याचं मन भरून येतं. नानांनी कोश काढला. कोशात दोन अर्थ होते, आणि नानांचं बोट पडलं दुसऱ्यावर: तान्ह्या मुलांच्या तोंडात येणारे पांढरे चट्टे.

नानांनी कोश मिटला. मग म्हणाले, “प्रकरण संशयास्पद आहे. मूल तोंड आल्यानं रडतंय आणि हा गृहस्थ खिडकीत उभा राहून ऐकतोय. आई कुठं आहे?”

“नाना, तो पुढं म्हणतो की आवाज झाडातून येतोय.”

“म्हणजे मूल झाडाखाली टाकलंय!”

शहानिशा करायला आम्ही वैद्यांकडे गेलो. वैद्य घरी नव्हते. त्यांच्या बाईंनी आतूनच विचारलं, “मूल किती महिन्यांचं आहे?” नाना म्हणाले, “ते कवितेत दिलेलं नाही.” बाईंनी दोघांकडे नीट पाहिलं आणि मध आणि टाकणखाराची पुडी बांधून दिली. घरी येऊन मी कोशाचं पान पुन्हा वाचलं तेव्हा वरच्या ओळीत पहिला अर्थ सापडला: एक गाणारा पक्षी. पुडी मात्र नानांनी टाकली नाही. ती प्रकरणाला पुरावा म्हणून दोऱ्याने बांधलेली आहे.

आता पक्षी शोधणं आलं. धारेत तसा पक्षी कोणी पाहिला नव्हता. पण देवासला नानांचे साडू राहत. त्यांच्या पत्रात आलं की आमच्या अंगणातल्या लिंबावर सकाळी एक पाखरू शीळ घालतं, तुमचं असेल तर घेऊन जा. नानांनी तिसऱ्या दिवशी वही, दौत, टाक आणि मला घेऊन टांगा जोडला. इंदुरात एक मुक्काम, मग आग्रा रस्त्याने देवास.

देवास ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो की त्या एका गावात दोन राज्यं आहेत. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन शिपाई, आणि काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू ह्यांची तर दुसरी त्यांची. नानांना हे गाव फार आवडे. ते म्हणत की तंट्याला एवढी सोय दुसरीकडे कुठे नाही.

सकाळी आम्ही अंगणात बसलो. पाखरू आलं, लिंबावर बसलं आणि खरोखरच गायला लागलं. मी श्वास धरून बसलो. नाना हळू आवाजात म्हणत लिहू लागले, “लिंबाचे झाड... थोरली पाती... पक्षी एक... रंग काळसर...” तेवढ्यात ते उडालं आणि रस्त्यापलीकडच्या चिंचेवर जाऊन बसलं. गाणं तिथून पुढे चालू.

“हद्द बदलली!” नाना उठून उभे राहिले. “अर्धं गाणं थोरल्या पातीत, अर्धं धाकट्या पातीत. आता पंच दोन्हीकडचे पाहिजेत.”

थोरल्या पातीचे साडू बसलेच होते. धाकट्या पातीतला माणूस म्हणून पलीकडे टांगा धूत असलेल्या टांगेवाल्याला बोलावलं. त्याने हात पुसत वर पाहिलं.

“गावे तो हे, बाबूजी. चोखो गावे हे. पण कून हे, वो तो राम जाणे.”

नानांनी त्याचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि निकाल दिला: गाणे शाबीत, पक्ष्याची ओळख तहकूब. मला वाटतं, कवितेवर याहून चांगला शेरा आमच्या प्रोफेसरांनाही देता आला नसता. त्या सकाळी ती कविता मला पहिल्यांदा ओळखीची वाटली. कवीचं मन का भरून आलं ते मी सांगू शकत नव्हतो, पण माझंही भरून आलं होतं, आणि त्याला दोन राज्यांतले पंच होते.

आत पोहे खायला बसलो तेव्हा साडूंच्या बायकोने नानांना चिमटा काढला. “भावोजी, आता पाखरामागं पुरावे गोळा करत हिंडता होय? आमची अक्का तुम्हाला एक गोष्ट सांगायला आली तर तिला म्हणालात, पुरावा आण!”

मला ती थट्टाच वाटली. पण नानांनी हातातली ताटली खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

अशी आमची सतरा-अठरा प्रकरणं झाली. प्रत्येक कविता आम्ही कुठे तरी जाऊन पाहून आलो, ऐकून आलो, एकदा तर चावून आलो. (कवीने रानातल्या बोरांसारख्या फळांची स्तुती केली होती. निकाल: नाशाबीत, आंबट.) माझ्या अभ्यासक्रमातली फक्त एक कविता राहिली, समुद्रावरची. परीक्षेत तिच्यावर प्रश्न ठरलेला, असं सगळे म्हणत होते. तीत फारसं काही घडत नाही. संध्याकाळ होते, समुद्र गाजतो, कवी ऐकत बसतो, बस. आणि तेच मला कळत नव्हतं.

“नाना, आता समुद्राची घ्यायची का?”

“तहकूब आहे.”

“पण परीक्षेला—”

“सांगितलं ना, तहकूब!”

ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी वही चाळली. चोरून चाळली हे कबूल करतो. समुद्राची कविता म्हणजे प्रकरण नंबर एक निघालं. वहीतलं पहिलंच पान. जागा: समुद्रकिनारा, इंग्लंड. त्याखाली लिहिलं होतं, ‘साक्षीदार पहिला: समुद्र ऐकू येतो असे सांगितले. जबाब खोटा ठरवून फेटाळला.’ साक्षीदाराच्या नावाची जागा कोरी होती. खाली निकाल ‘नाशाबीत’ लिहून तो खोडला होता आणि वेगळ्या शाईने, बऱ्याच नंतरच्या, ‘तहकूब. दुसरा साक्षीदार मिळेपावेतो’ असं लिहिलं होतं.

नाना दारात उभे होते.

“काय वाचलंस?”

मला खोटं बोलता आलं नाही. “नंबर एक.”

मला वाटलं ते रागावतील. ते फक्त म्हणाले, “तू समुद्र पाहिलायस?”

“नाही.”

“मी पण नाही. धारेत सहसा कोणी पाहिलेला नाही. मग साक्षीदार आणायचा कुठून? आठ वर्षं शोधतोय. मुंबई पाहून आलेले दोघे भेटले. एक म्हणाला, खूप पाणी असतं. दुसरा म्हणाला, वास येतो. ऐकू येतो असं कोणीच म्हणालं नाही.” ते वही बांधू लागले. “जा आता. उद्या येऊ नकोस.”

मी दोन दिवस गेलो नाही. घरी ती कविता पुन्हा पुन्हा वाचली. शब्द सगळे कळत होते, समुद्र कुठेच नव्हता. इंदूरला परत जायला चार दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना पागेत एकदम गडबड उडाली. विसूनाना शिरस्तेदार स्वतः चालत आले होते. काखेत वही, एका हातात दौत-टाक, दुसऱ्यात पुस्तक. वडील धावत खुर्ची शोधायला निघाले.

“राहू दे, गणपत,” म्हणत नाना सरळ चंदीच्या पेटीवर बसले. चंदी म्हणजे घोड्यांचा दाणा, आणि ती पेटी सागवानी, चार माणसांना हलायची नाही अशी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “कॉलेज, तुझी परीक्षा माझ्या प्रकरणासाठी अडवणं बरोबर नाही. मी वाचतो. कळेल तेवढं कळेल. माझ्या घरी ही कविता मला वाचता येत नाही, म्हणून इथं आलो.”

चंदीची वेळ झालीच होती. वडील आणि बाकीचे मोतद्दार दाराच्या बाजूने सुरुवात करून घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधत आत चालले. नानांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्यांचा इंग्रजी उच्चार पुण्याच्या आणि माळव्याच्या मधे कुठे तरी होता. मी सवयीने डोळे मिटले.

मला हे नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. दाराजवळचं पहिलं घोडं चणे खायला लागलं. मग शेजारचं. मग एकापाठोपाठ एक, तोबरे बांधले जातील तसतसा तो आवाज आत सरकत गेला, चाळीसेक जबड्यांचा, दबलेला, जड. पार टोकाच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे एक घोडं फुरफुरलं, आवाज जरा ओसरला, आणि पुन्हा दारापासून भरत आला. जन्मल्यापासून मी तो आवाज रोज ऐकत होतो आणि एकदाही ऐकला नव्हता. नाना वाचत होते, संध्याकाळ होत होती, आणि काहीतरी फार मोठं, माझ्याहून जुनं, अंधारात येत होतं आणि जात होतं.

“नाना,” मी म्हणालो, “मला ऐकू येतोय.”

वाचणं थांबलं.

मी डोळे उघडले. नाना माझ्याकडे असे बघत होते की मी घाबरलोच. मला वाटलं, आता विचारतील, स्वतः पाहिलायस? आणि मी काय सांगणार!

“काय म्हणालास?”

“समुद्र ऐकू येतोय. मी पाहिलेला नाही, नाना. पण खोटं सांगत नाहीये.”

वडील तोबरा हातात घेऊन उभे होते. ते हसून म्हणाले, “साहेब, हा आवाज तर मी रोज ऐकतो. याला समुद्र म्हणतात हे मालूम नव्हतं!”

नानांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग कचेरीत दुसऱ्या कोणाचा जबाब वाचून दाखवावा तशा आवाजात बोलू लागले.

“मेज आणलं त्या दिवसांतली गोष्ट. पुस्तकात पहिली हीच कविता निघाली. मी मोठ्यानं वाचत होतो. आमच्या घरात पहाटेचं दळण चालू होतं. तिनं विचारलं, काय वाचता, मलाही सांगा की. मी अर्थ सांगितला. पुन्हा वाचलं. जातं फिरतच होतं. मग म्हणाली, अहो, ऐकू येतोय हो मला.” ते थांबले. “शब्द हेच होते, कॉलेज. मी म्हणालो, तू बागलीत जन्मलीस आणि धारेत आलीस. समुद्र स्वतः पाहिलास? म्हणाली, नाही. मी म्हणालो, मग ही खोटी साक्ष झाली. आणि हसत हसत तिच्यासमोर वहीत लिहिलं, जबाब फेटाळला. तीही हसली. पुन्हा दळायला लागली. पण त्यानंतर काय वाचता म्हणून तिनं कधी विचारलं नाही. चार वर्षं होती ती त्यानंतर. एकदाही नाही.”

घोडी खात होती.

नानांनी वही पेटीवर ठेवली, पहिलं पान उघडलं आणि टाक शाईत बुडवला. “जबाब फेटाळला” ही ओळ त्यांनी खोडली. मग नेहमीसारखं म्हणत लिहू लागले. “साक्षीदार पहिला... यांचा जबाब... ग्राह्य. त्यांनी जात्याजवळ... ऐकला. साक्षीदार दुसरा... याने पागेत... ऐकला. दोघांचे शब्द... जुळतात. शाबीत.” मग त्यांनी वर जाऊन पहिल्या साक्षीदाराच्या नावापुढे टाक टेकवला आणि तो तिथेच थांबला.

इतक्या दिवसांत मला त्यांनी एवढं शिकवलं होतं की लिहिणारा थांबला तर शेजारच्याने विचारायचं. मी विचारलं, “नाव?”

नानांनी जन्मात कधी ते घेतलं नसणार. त्यांचे ओठ दोनदा हलले.

“नर्मदा,” ते म्हणाले. मग लिहीत लिहीत, “नर्मदा. मीच ठेवलं होतं. लग्नात, ताटातल्या तांदळात लिहून.” टाक वहीवर तसाच होता. “नर्मदा कुठं जाते रे, कॉलेज?”

“समुद्राला, नाना.”

“आणि मी तिलाच विचारत होतो, स्वतः पाहिलास का म्हणून.”

दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी सही केली. खाली वडिलांनी अंगठा उठवला, कोणी मागितला नसताना.

परीक्षेत समुद्राची कविता आली नाही. कल्पनेचा प्रश्न मात्र आला, आणि मी जे लिहिलं त्याला प्रोफेसरांनी पास केलं, शेरा न देता. या सुटीत मी नानांना ते सांगायला गेलो तेव्हा त्यांनी वही पुन्हा दाखवली. इतर पानांवरचे डाग डुगडुगत्या मेजामुळे पडलेले आहेत. पहिल्या पानावरचं नाव चंदीच्या पेटीवर लिहिलेलं आहे, आणि ती पेटी हलत नाही. तरी त्या एका नावावर शाई फुटून पसरली आहे. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. मी स्वतः पाहिलं होतं.